कल्हईवाल्याचा अंगठा

फार फार वर्षांपूर्वी, घरोघरी तांब्यापितळेची भांडी होती आणि राजाचा शब्द दगडावर कोरला जात असे, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

एका नगरात एक कल्हईवाला राहत असे. भांडे निखाऱ्यावर तापवावे, नवसागराची चिमूट टाकावी, कथलाची कांब फिरवावी आणि कापसाच्या बोळ्याने भांडे आतून लख्ख उजळावे, हा त्याचा धंदा. बायको भाता ओढी. कल्हई उडालेल्या तांब्याच्या भांड्यात आंबट ठेवले की ते कळकते, विषारी होते, हे त्याला ठाऊक होते. म्हणून प्रत्येक कांब तो आधी कानाशी धरून वाकवी. चोख कथील वाकताना कुरकुरते. शिसे मिसळलेले मुके राहते. काम झाले की भांड्याच्या बुडाशी तो तीन टिंबे ठोकी. त्या नगरात प्रत्येक कल्हईवाल्याची अशी आपली खूण असे.

त्याला एकच मुलगी होती, सात वर्षांची. शेजारच्या आळीतल्या लग्नात ती मठ्ठा प्यायली. मठ्ठ्याच्या भांड्याची कल्हई दुसऱ्या एका कल्हईवाल्याने केली होती, ती उडाली होती आणि मठ्ठा कळकला होता. तीन दिवसांनी मुलगी गेली.

दरबारात तो दुसरा कल्हईवाला हात जोडून म्हणाला, "देवाशपथ सांगतो महाराज, मला काहीच ठाऊक नव्हतं."

मुलीचा बाप ओरडला, "सगळे हेच म्हणतात, महाराज! मन काय कोणाला उघडून दाखवता येतं? मन विचारूच नका. बुडाची खूण बघा आणि शिक्षा करा!"

राजाला त्या बापाची कणव आली. आणि खरे सांगायचे तर त्याला हे सोपेही वाटले. माणसांची मने तपासत बसायला कोणत्या राजाला आवडते? त्याने दरबारासमोरच्या दगडावर कायदा कोरवला: भांडे कळकून माणूस दगावला, तर ज्याची खूण, त्याचा उजवा अंगठा तोडावा. त्याच्या मनात काय होते, हे कोणी विचारू नये.

त्या माणसाचा अंगठा गेला. देवळाच्या पायरीवर भीक मागत तो दोन पावसाळे जगला आणि मेला. त्या पायरीवरून जाताना आपला कल्हईवाला तोंड फिरवीत असे.

वर्षे गेली. एके दिवशी एक बाई आपले ताकाचे भांडे घेऊन कल्हईवाल्याकडे आली. त्याने नवी कांब काढली आणि कानाशी धरून वाकवली.

"कुरकुरली ना हो?" बायकोने विचारले.

"कुरकुरली," तो म्हणाला, आणि कामाला लागला.

पण कांब विकणारा व्यापारी बारा गावचे पाणी प्यायलेला होता. तो आत शिसे भरी आणि वरून चोख कथलाचा जाड थर देई. आठ दिवसांत भांड्याची कल्हई उडाली. ताक कळकले. बाईचा थोरला मुलगा दगावला. भांडे उलटे केले, तर बुडाशी तीन टिंबे.

तोच दरबार, तोच दगड. राजा तेवढा म्हातारा झाला होता.

"खूण तुझी?"

"माझीच, महाराज. पण मी कांब वाकवून बघितली होती. मला काहीच ठाऊक..." आणि तो थांबला. हे शब्द त्याने पूर्वी ऐकले होते.

"ते विचारायला मनाई आहे," राजा म्हणाला. "तूच मागितली होतीस."

तेवढ्यात त्याची बायको पुढे आली. उरलेली कांब तिने सगळ्यांदेखत मोडली. आतून काळे शिसे दिसले. "ही बघा! या शेटजींनी विकली!"

व्यापारी मानकऱ्यांत बसला होता. तो शांतपणे उठला. "विकली की. वर्षानुवर्षं विकतोय. तो देवळाच्या पायरीवर मेला ना, त्यालाही माझंच कथील होतं. पण महाराज, भांड्यावर माझी खूण आहे का? आणि माझ्या मनात काय होतं, ते तर विचारायचंच नाही."

राजाने दगडाकडे पाहिले. दगडावर व्यापाऱ्याविषयी एक अक्षर नव्हते. चोर सोडून संन्याशाला सुळी, म्हणतात ते हेच.

कल्हईवाल्याला अंगठ्याचे दुःख नंतर झाले. आधी त्याला देवळाची पायरी आठवली. तो माणूस खरे बोलत होता. भर दरबारात तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्याच दिवशी त्याचा अंगठा गेला.

दुसऱ्या दिवशी नगरातल्या सगळ्या कल्हईवाल्यांनी भट्ट्या विझवल्या आणि बिऱ्हाडे हलवली. लोक मडकी घ्यायला धावले. पण कुंभारांनीही तो दगड वाचला होता; उद्या मडक्यापायी आपलाही अंगठा जाईल, या भीतीने ते आधीच नदीपार गेले होते. व्यापाऱ्याने परराज्यात दुकान थाटले. नगरातली भांडी एकामागून एक लाल पडत गेली, आणि घरोघरी ताक कळकू लागले.

एका सकाळी तीच बाई पुन्हा दारात आली. कल्हईवाल्याची बायको तेव्हा अंथरुणाला खिळली होती आणि भट्टीत राख होती.

"बाबा, धाकटी आहे माझी घरात. एवढं एक भांडं करून द्या."

"आंबट ठेवू नकोस त्यात, पोरी."

"ताकाशिवाय घरात आहे काय?" ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "तुम्ही मुद्दाम केलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळत होतं. पण कोणी विचारलंच नाही."

त्याने कशीबशी भट्टी पेटवली. खोक्यात जपलेला चोख कथलाचा तुकडा काढला आणि चार बोटांत धरला. तो निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. डाव्या हाताने पाहिले, तर भांडेच कलंडले. दुपार झाली तेव्हा बाईने त्याच्या हातून भांडे हळूच काढून घेतले आणि ती निघून गेली.

आठवडा उलटला नाही तोच त्या घरातून रडणे ऐकू आले. कल्हईवाला ते ऐकत देवळाच्या पायरीवर बसला होता.

बोध: ज्याचे मन विचारले नाही त्याचा न्याय होत नाही, फक्त सूड घेतला जातो.