वाढणारा माल

"चिठ्ठी खोटी आहे. पेटी जप्त!" बंदरावरचे नाकेदार त्रिंबकपंत ठकू कासारणीवर ओरडले.

सागरपट्टणच्या महाराजांचा हुकूमच तसा होता. परमुलखातून गलबताने आलेल्या प्रत्येक मालावर चिठ्ठी हवी, आणि तिच्यावर मालाचा गुण खरा लिहिलेला हवा. नारळाच्या पोत्यावरसुद्धा 'आत पाणी आहे' असे लिहावे लागे. एका व्यापाऱ्याचे गाढव चिठ्ठी नाही म्हणून नाक्यावर अडकून पडले होते, आणि ते गाढवच आहे हे पंतांना कोणीच पटवून देऊ शकले नव्हते. शिवाय पंत कुठलाही माल ठोकून पाहिल्याशिवाय सोडत नसत.

काचेच्या मालावर 'फुटणारा माल' लिहायचे, असा नियम. ठकूच्या पेटीत हिरव्या बांगड्या होत्या. तिची सगळी लग्नसराई त्या एका पेटीवर अवलंबून होती. पण बांगडी फुटली असे कोणी म्हणते का? बांगडी वाढते. म्हणून तिने ठसठशीत अक्षरांत लिहिले होते, 'वाढणारा माल'.

प्रकरण दरबारात गेले.

"महाराज, सवाष्णीच्या चुड्यावर तसलं अभद्र कसं लिहू? सगळ्या बायका 'वाढली' असंच म्हणतात."

"बायका काय वाटेल ते म्हणतील," महाराज म्हणाले. एकदा हट्टाला पेटले की ते देवाचेही ऐकत नसत. "नाक्यावर शब्दाचा अर्थ एकच. उद्या माल वाढवून दाखव. नाहीतर पेटी सरकारजमा, आणि बाजारातली तुझी बसायची जागाही गेली."

ठकू म्हणाली, "दाखवते. पण उद्या राजकन्येला हळद लागायची आहे, तिथंच पेटी उघडू द्या. आणि माल पंतांनीच तपासावा, म्हणजे माझ्यावर आळ नको."

दुसऱ्या दिवशी भर मांडवात पेटी उघडली. पंतांनी ऐटीत एक बांगडी उचलली. "वाढते म्हणे! बघू कशी वाढते," असे म्हणत त्यांनी सवयीप्रमाणे तिच्यावर बोटातली अंगठी ठोकली.

खळ्!

बांगडीचे तुकडे खाली पडले.

ठकूने हात जोडून विचारले, "महाराज, बांगडीला काय झालं?"

"दिसत नाही का? फु..." महाराजांची नजर हळदीने माखलेल्या लेकीवर गेली. मग ती राणीसाहेबांच्या वटारलेल्या डोळ्यांवर गेली. ते पुटपुटले, "वाढली."

"मग माल वाढला, महाराज. चिठ्ठी खरी."

महाराज आधी लाल झाले, मग असे हसत सुटले की पगडी सावरायला दोघे धावले. पेटी सुटली. राजकन्येचा चुडा भरायचा मान ठकूला मिळाला, वर जरीकाठी लुगडे.

"आणखी काय हवं, माग!"

"एवढंच, महाराज. चुडा भरून होईतो पंतांना पेटीजवळ येऊ देऊ नका. नाहीतर सगळाच माल वाढेल."

महाराजांची पगडी पुन्हा घसरली. हसले नाहीत ते फक्त पंत. ते तडक नाक्यावर गेले. गाढव अजून तिथेच होते.