मला का नाही लागत?

"करंट असेल, तर मग मला का नाही लागत, मास्तर?"

जयसिंगनं हे तिसऱ्यांदा विचारलं. शिकलगार मास्तर त्याच्या घरी खुर्चीत बसून चहा फुंकत होते.

मास्तरांनी आयटीआयमध्ये तीस वर्षं वायरमनची पोरं घडवली. जयसिंग त्यांतला पहिल्या नंबरचा. आता कारखान्यात सुपरवायझर, हाताखाली बारा माणसं, आणि बोलणं असं की वीज जणू ह्यालाच विचारून वाहते.

भांडण कॉम्प्युटरवरून होतं. त्याची बायको वैजयंता घरी बसून वकिलांचे अर्ज टाइप करायची. पेनड्राइव्ह लावताना सीपीयूच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, असं ती दोन महिने सांगत होती. जयसिंगनं दर वेळी पत्र्यावर हात ठेवून दाखवला. काही नाही. आधी तो हसला, मग चिडला, आणि आता तर चारचौघांत बोलायला लागला होता की हिच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय.

उद्या अकरा वाजता त्यानं मनोविकाराच्या डॉक्टरांकडे तिचा नंबर लावला होता. चिठ्ठी कॉम्प्युटरच्या टेबलावरच होती, पेपरवेटखाली.

वैजयंता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचं रडून झालं होतं.

"मला वेड लागलेलं नाही, मास्तर," एवढंच ती म्हणाली.

जयसिंग म्हणाला, वेडी कोण म्हणतंय, तपासून घ्यायला काय जातंय. असं गोड बोलणं फार वाईट असतं. मास्तरांनी कप खाली ठेवला.

"टेस्टर लावलास?"

"टेस्टर कशाला? अकरा वर्षं ह्याच धंद्यात काढलीत. माझ्या हाताला कळतं."

मास्तरांनी खिशातला स्वतःचा टेस्टर काढला आणि पत्र्याच्या स्क्रूवर टेकवला. आतला दिवा पेटला. मंद, पण पेटला.

जयसिंग हसला. मंद दिव्यावर भरवसा ठेवू नका, हे तुम्हीच शिकवलंत, म्हणाला.

मास्तरांनी मान हलवली. शिकवलं होतं खरं... मग ते कितीतरी वेळ खाली बघत राहिले. शहाबादी फरशी नुकतीच पुसलेली होती. वैजयंताचे पाय उघडे होते. मास्तरांनी स्वतःच्या चपला दारात काढल्या होत्या. जयसिंगच्या पायात मात्र जाड रबरी चपला होत्या. टाच दुखायची म्हणून घरातही तो त्या उठल्यापासून झोपेपर्यंत काढत नसे.

"चपला काढ."

जयसिंगचा चेहरा उतरला. गुरूसमोर चपला घालून उभा राहिलो, ते मास्तरांना लागलं, असं त्याला वाटलं. त्यानं माफी मागितली, टाचेचं सांगितलं, डॉक्टरांनी चपला काढू नका म्हटलंय तेही सांगितलं...

"काढ म्हणतो ना."

त्यानं काढल्या. ओलसर फरशीवर अनवाणी उभा राहिला.

"आता हात लाव. उलटा... अलगद."

त्यानं लावला, आणि झटक्यात मागे घेतला.

हाताकडे बघितलं. पुन्हा लावला. पुन्हा मागे घेतला. दारातून वैजयंता बघत होती. ते त्याला जास्त झोंबलं.

जयसिंग आपणच बोलू लागला. बोर्ड त्यानंच बसवला होता, दिवाळीच्या घाईत. अर्थिंगची हिरवी वायर तेवढी ओढायची राहिली. प्लगच्या तिसऱ्या पिनेला बोर्डात भोक आहे, पण भोकामागं काहीच नाही. पत्र्यावर उतरलेल्या करंटला जमिनीत जायला वाट नाही, म्हणून तो हात लावणाऱ्या माणसातून जातो. आयटीआयतलं पहिल्या आठवड्याचं पोरही हे सांगेल. आज नुसत्या झिणझिण्या होत्या. आत एखादी वायर सुटून पत्र्याला चिकटली असती तर...

वैजयंताकडे त्याला बघवेना.

"बंद करतो, मास्तर. आत्ता वायर ओढतो," म्हणत तो स्विचकडे वळला.

"थांब. आधी चपला घाल."

त्याला कळेना. पण घातल्या.

"लाव हात."

त्यानं भीत भीत हात लावला. मग पूर्ण तळवा टेकवला. काही नाही. नुसता गार पत्रा.

मास्तरांनी पेपरवेटखालची चिठ्ठी काढली आणि त्याच्या दुसऱ्या हातात दिली.

"आता सांग, जयसिंगा... तिला लागतं का?"