चाटून पाहिलेला पियानो

प्राण्यांचाही आठवडी बाजार भरायचा, तेव्हाची ही गोष्ट. झिपरी अस्वलीण पिल्लाला घेऊन साळिंदराच्या दुकानात आली. पिल्लाला खेळण्यातला पियानो घ्यायचा होता. झिपरीच्या मनात दिव्यांचा मोठा पियानो भरला. कुठलीही पट्टी दाबा, तो अख्खं गाणं आपणच वाजवायचा.

"हाच द्या. शेजारच्या कोल्हीणबाईंनाही कळू दे, आमचं पोर किती हुशार आहे ते!"

पण अस्वलांकडे चाटून पाहिल्याशिवाय काही घरात येत नाही. "अहो, रंग जाईल!" असं साळिंदर ओरडेपर्यंत पिल्लानं जीभ लावलीसुद्धा. गाणं सुरू झालं. पिल्लानं पियानोच्या मागे डोकावून पाहिलं.

"आई, आत कोण गातंय?"

मग त्यानं शेजारचा छोटा लाकडी पियानो चाटला. टिंग! पिल्लू दचकलं. पुन्हा चाटला. टिंग! मग नाकानं, पंजानं, शेवटी त्यावर बसूनच. टँग, टुंग, धडाम!

झिपरीनं कान झाकले. "अगंबाई, हे कसलं गाणं?"

"माझं!" पिल्लू म्हणालं.

झिपरीनं साळिंदराकडे चोरून पाहिलं, आणि हळूच वाकून छोट्या पियानोची एक पट्टी तिनंही चाटली.