ताराक्काची तुला

आंबेमाळ नावाच्या गावात ताराक्का नावाची एक बाई होती, आणि साऱ्या गावाला तिच्या वजनाची काळजी होती. काळजी ही, की ते कमी तर होणार नाही ना!

त्याचं असं होतं. गावाच्या डोंगरावर माळजाईचं देऊळ होतं. दर जत्रेला डोंगराच्या पायथ्याशी मोठा तराजू टांगायचा. एका पारड्यात गावातल्या सगळ्यात सधन घरच्या मालकिणीला बसवायचं, दुसऱ्यात तिच्या वजनाइतका गूळ घालायचा. मग तो गूळ वर नेऊन देवीपुढे ठेवायचा आणि गावाला वाटायचा. मालकीण जितकी भारी तितका गूळ जास्त, आणि गूळ जास्त तितकं घर मोठं. गावाचा हिशेब इतका सरळ होता.

ताराक्का काही जन्मापासून मालकीण नव्हती. पूर्वी माळ कोरडा होता, तेव्हा ती आणि तिची शेजारीण हौसा बरोबरीने खुरपणीला जायच्या. दोघींच्या घरी सारखीच ज्वारीची भाकरी नि अंबाडीची भाजी शिजायची. मग कालवा आला. त्याचं पाणी ताराक्काच्या नवऱ्याच्या, आण्णाप्पाच्या, रानात शिरलं आणि हौसाच्या रानाच्या अलीकडेच थांबलं. आण्णाप्पाचा ऊस झाला, उसामागून गुऱ्हाळ झालं, गुऱ्हाळामागून जीप आली.

ताराक्काच्या हातातलं खुरपं गेलं. एवढ्या मोठ्या घरची बाई रानात दिसली तर लोक काय म्हणतील? भाकरीही गेली, कारण ती गरिबांची. तुपातल्या पोळ्या आल्या, भजी आली, बेकरीचे पुडे आले. पाणी दारात आलं, आणि डोंगराच्या पायथ्यापर्यंत जायचं तर जीप होतीच. खाणं वाढत गेलं आणि चालणं उंबऱ्यापाशी संपलं. दर जत्रेला गूळ जास्त लागू लागला, तशी आण्णाप्पाची छाती फुगत गेली. हौसा मात्र तिला 'तारे' म्हणायची सोडून 'मालकीणबाई' म्हणू लागली.

एके वर्षी ताराक्काच्या पायाला साधी जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी पाय तपासला, रक्त तपासलं आणि स्पष्टच सांगितलं, "आक्का, साखर फार वाढलीय. औषध घ्या, तोंड आवरा आणि जखम भरली की रोज चाला. ऐकलं नाहीत, तर हा पाय वाचवणं अवघड जाईल."

घरी येताना ताराक्का जीपमध्ये पायाकडे बघत बसली. नवी नवरी असताना याच पायांनी डोंगर चढून तिने देवीची ओटी भरली होती. आता जत्रेला गूळ वर जायचा, गुळामागून गाव वर जायचं, आणि जिच्या वजनाचा तो गूळ, ती पायथ्याशी खुर्चीत बसून राहायची. तिला रडू आलं. मग स्वतःचाच राग आला. तिथेच तिने मनाशी ठरवलं, यंदा देवीपुढे आपण आपल्या पायांनी जायचं.

तिने पुडे शेजारच्या पोरांना वाटले नाहीत, म्हशीच्या आंबोणात टाकले. ताटात पुन्हा भाकरी आली. जखम भरली तशी ती हौसाच्या दारात जाऊन उभी राहिली. "मला चालायला घेऊन जा," ती म्हणाली. हौसा आधी घाबरली, मग हसली, आणि दोघी कालव्याच्या काठाने निघाल्या. पहिल्या दिवशी ताराक्काला वेशीपर्यंत जाताना धाप लागली. दुसऱ्या दिवशीही लागली. पण ती थांबली नाही.

ताराक्काचं वजन उतरू लागलं आणि गावात कुजबुज चढू लागली. आण्णाप्पाचा ऊस जळाला वाटतं. जीप विकली काय? नाहीतर मालकीण पायी कशाला फिरेल? दोघीतिघींनी तर कळवळून शिऱ्याचं भांडंच आणून दिलं. ताराक्काने ते हसून परत केलं.

आण्णाप्पाला मात्र हसू येईना. त्यांच्या मुलीचं, वसुधेचं, लग्न शेजारगावच्या मोठ्या घरात ठरत आलं होतं. पाहुणे जत्रेला येणार होते आणि तुला झाली की सुपारी फुटणार होती.

जत्रेच्या सकाळी त्याने गुऱ्हाळातली दोन लोखंडी वजनं आणून तिच्यापुढे ठेवली. "हे कापडात गुंडाळून पोटाशी बांध," तो म्हणाला. "गूळ कमी भरला तर पाव्हणं घर खचलं म्हणतील. पोरीचं लगीन मोडंल."

"आवं, मी खचले हुते तवा तुमी पेढं वाटलं," ताराक्का म्हणाली. "आता कुठं उठून उभी ऱ्हायले, तर तुमास्नी लाज वाटाय लागली?"

"माझं ऱ्हाऊ दे. पोरीकडं तरी बघ."

वसुधा दारात खाली मान घालून उभी होती. लेकीपुढे ताराक्काचा निर्धार डळमळला. तिने मुकाट्याने वजनं बांधली.

पायथ्याशी गर्दी जमली. ताराक्का पारड्यात बसली. समोर ढेपेवर ढेप चढली आणि काटा मिळाला, तेव्हा गूळ मागच्या वर्षाइतकाच भरला होता. हलगी कडाडली. आण्णाप्पाने मिशीवर हात फिरवला. ताराक्काला मात्र पोटाशी लोखंड बोचत होतं आणि मान वर करवत नव्हती.

जवळच जीपमध्ये नवऱ्या मुलाची आई, गंगूबाई, बसली होती. बाई चांगली भरलेली होती, दोन्ही गुडघे धरूनच बसली होती. तिने वसुधेच्या बारीक मनगटावरून हात फिरवला आणि मायेने म्हणाली, "वाळकी हाईस गं. आमच्याकडं आलीस की कामाला हात लावू देणार न्हाई. वरसात तुज्या आईवानी अंगानं भरशील बघ."

ते ताराक्काने ऐकलं. तिने लेकीचे पाय पाहिले, मग आपले पाहिले. जिच्यासाठी हे खोटं पोटाशी बांधलं, तिलाच उद्या ते भोगावं लागणार होतं. तिने पदराआडून गाठ सोडली. वजनं पारड्याबाहेर दगडावर खणकन आपटली आणि तिचं पारडं वर गेलं.

हलगी थांबली. ताराक्का सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "हे लोखंड आमच्या घराच्या अब्रूचं हाय, माझं न्हाई. ऊस जळाला न्हाई, जीपबी दारात हाय. माझा पाय जायला आलता, म्हणून मी चालते आणि भाकरी खाते." मग ती गंगूबाईकडे वळली. "पोरगी तुमच्या घरात चालती-फिरती ऱ्हाणार असंल तर देते. नुसती बसवून भरवायला द्यायची न्हाई."

आण्णाप्पाने मान खाली घातली. पुजाऱ्याने वाढीव ढेप पारड्यातून उचलली, तशी ताराक्का खाली उतरून म्हणाली, "ती इकडं द्या. मी नेते वर."

हौसाने आपल्या फडक्याची चुंबळ करून दिली. ताराक्काने ती डोक्यावर ठेवली, वर ढेप घेतली आणि डोंगराची वाट धरली. गाव खाली उभं राहून बघत होतं. ती थोडी चढली, थांबली, पुन्हा चढली. घामाने लुगडं भिजलं, श्वास लागला, पण पाय मागे फिरले नाहीत.

"तारे, बस जरा," हौसा म्हणाली. कित्येक वर्षांनी ते नाव ऐकून ताराक्काला इतका आनंद झाला, की ती खरंच दगडावर टेकली आणि हसत सुटली.

तेवढ्यात खालून हाक आली. गंगूबाई जीपमधून उतरली होती, आणि वसुधेच्या खांद्यावर हात टेकून एक एक पाऊल उचलत होती. "विहीणबाई, थांबा!" ती धापा टाकत ओरडली. "मलाबी येऊ द्या. किती वरसं झाली, म्या देवीचं तोंड बघितलं न्हाई."

तिने 'विहीणबाई' म्हटलं, म्हणजे सुपारी फुटल्यातच जमा होती. ते ऐकून आण्णाप्पाने फेटा सारखा केला, दुसरी ढेप खांद्यावर घेतली आणि तोही निघाला. गंगूबाईला काही शेवटापर्यंत जमलं नाही. ती अर्ध्यावरच्या चिंचेखाली बसली. पण पुढच्या खेपेला वर येईन, असं तिने देवीला तिथूनच सांगितलं.

त्या वर्षी गुळाचा खडा जरा लहान मिळाला, म्हणून चारजण कुरकुरले. पुढच्या वर्षी तराजू टांगलाच नाही. सधन घरांनी गूळ द्यायचा, आणि जी सगळ्यात जड ढेप वर नेईल तिने देवीची पहिली ओटी भरायची, असं ठरलं. गूळ आण्णाप्पाने दिला. पहिली ओटी हौसाने भरली, आणि तिच्या मागोमाग ताराक्का उभी होती.

तात्पर्य: चार पैसे आले म्हणून ताटातल्या भाकरीची आणि पायांखालच्या वाटेची लाज धरू नये; लोकांच्या तराजूत भारी ठरण्यापेक्षा आपल्या पायांनी डोंगर चढता येणं, हीच खरी सधनता.