लेकीला वाक्य नाही

"ती बाई तिथे हवीच कशाला?"

त्रिंबकरावांनी उभ्याउभ्याच विचारलं. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

नरहरबुवा सुपारी कातरत होते. कंपनी करत होती ते इंग्रज कवीचं नाटक मराठीत त्यांनीच आणलं होतं, आणि त्रिंबकरावांना तोंडाला रंग कसा लावायचा हेही त्यांनीच शिकवलं होतं.

त्रिंबकराव कंपनीत राजा करायचे. शेवटच्या अंकात राजा घराबाहेर काढलेल्या लेकीची माफी मागतो, ते लांबलचक भाषण त्यांचं. लेकीला त्यात एकही वाक्य नाही. लेकीचं काम करणारी अंबूताई नुसती समोर उभी राहून ऐकायची. आणि काल प्रेक्षक तिच्याकडे बघून रडले. यांच्याकडे म्हणे कुणाचं लक्षच नव्हतं.

एवढ्यावरून हा थयथयाट.

त्यांचं म्हणणं असं, की तीनशे वर्षं जग त्या कवीला डोक्यावर घेतंय ते त्याच्या शब्दांसाठी. सगळं शहाणपण त्या शब्दांत, आणि ते शब्द राजाच्या तोंडी. बाईने आयत्या पिठावर रेघोट्या ओढू नयेत. भाषण सुरू व्हायच्या आधी तिला आत पाठवा, नाहीतर कंपनीतूनच काढा. ती राहिली तर आपण चाललो.

अंबूताईला कंपनीबाहेर घर नव्हतं. हे त्रिंबकरावांना पक्कं ठाऊक होतं, संताप येतो तो याचाच.

"तिला वाक्य नाही," बुवा म्हणाले, "मग कवीने तिला तिथे उभी का केली?"

"विसरला असेल."

घ्या. एवढा मोठा कवी विसरला, आणि ते ध्यानात आलं कुणाच्या, तर यांच्या. कंपनीत ज्याला त्याला फक्त स्वतःच्या वाक्यांची नक्कल उतरवून मिळायची. त्रिंबकरावांनी सबंध नाटक कधी वाचलंच नव्हतं. दुसरा बोलतो तेव्हा आपण पाळीची वाट बघायची, एवढंच ते जन्मभर करत आले होते.

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला.

"म्हण ते भाषण."

"इथे?"

"इथे. मी ऐकतो."

त्रिंबकरावांनी सुरुवात केली. आवाज चांगलाच होता, ते नाकारून चालणार नाही. बुवा त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत ऐकत होते. हळूहळू त्रिंबकरावांचा राग कुठल्या कुठे गेला. भाषण खरोखरच रंगलं...

माफीच्या वाक्याशी बुवा वळले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

त्रिंबकराव अडखळले. मागचं वाक्य पुन्हा धरलं. पुन्हा अडखळले.

"बुवा... इकडे बघा ना. भिंतीला सांगू का मी हे?"

बुवा वळले नाहीत.

"उद्यापासून तसंच करायचंय. तालीम कर."