माशांचं माहेर

एका खाडीच्या काठावर कोळ्यांची तीन गावं होती. अलीकडे ऐलाड, समोरच्या काठावर पैलाड आणि खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे टोकवाडी. टोकवाडीच्या पुढ्यात पाण्याखाली एक खोल डोह होता. पावसाळ्यात समुद्रातले मासे अंडी घालायला तिथे येत. लेक बाळंतपणाला यावी तसे ते येतात, म्हणून तिन्ही गावं त्या डोहाला 'माहेर' म्हणत. हे माहेर कुठल्याच गावाच्या हद्दीत नव्हतं. वर्षभराचं पोट मात्र तिघांचंही त्याच्यावरच चालायचं.

पावसाळा लागला की नारळी पुनवेपर्यंत माहेरात जाळं टाकायचं नाही, असा जुना करार होता. करार करणारी माणसं हुशार होती. नुसत्या शब्दावर ती विसंबली नाहीत. होड्या वर ओढायच्या दिवशी प्रत्येक गाव आपली सगळी वल्ही दुसऱ्या गावाच्या हवाली करी. ऐलाडची वल्ही पैलाडात, पैलाडची टोकवाडीत, टोकवाडीची ऐलाडात. वल्ह्यांच्या मोळ्या दोरीने बांधायच्या, गाठीवर ओला चुना थापायचा आणि पुनवेला चुना न फुटलेल्या मोळ्या परत द्यायच्या. वल्हीच हाताशी नसली की होडी हलणार कशी?

या बंदोबस्तात एक गोष्ट मात्र राहून गेली होती. होड्या बंद झाल्या की गावांचं एकमेकांकडे जाणंयेणंही बंद पडे. खाडीला वळसा घालून चिखलातून चालत जायचं, तर सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला पोचायचा. म्हणून पावसाळाभर ही गावं एकमेकांना नुसती लांबून बघत बसत.

ऐलाडचा पाटील गोमाजी. माणूस वाईट नव्हता, पण काळजी करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. त्या वर्षी त्याची लेक चांगुणा पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. तिचे दिवस पुनवेच्या आसपास भरणार होते. पुनवेला मासळी लागली नाही तर बाळंतिणीच्या पानात काय वाढायचं, हा घोर त्याला आषाढातच लागला.

अशात पावसाने उघडीप दिली. चांगलं कडक ऊन पडलं. गोमाजीने समोर पाहिलं, तर पैलाडच्या काठावर जाळी वाळत घातलेली. ओली, जड, काळपट. मासेमारी बंद असताना जाळी भिजली कशी?

त्याने बायकोला हाक मारून ते दाखवलं. त्याची बायको बामी ही पैलाडचीच लेक. तिचा सख्खा भाऊ हिराजी तिथला पाटील होता. तिने समोर पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"एवडा जीव खालीवर होतोय तर जा नि हिराजीला इचारून या," ती म्हणाली. "एका दिसाची तर वाट हाय."

"चोरी करनारा इचारल्यावर कबूल होतोय काय?"

बामीचा चेहरा उतरला. आपल्या भावाचा निकाल लागलासुद्धा, हे तिला कळलं. ती उठून आत गेली.

गोमाजीने गावकी भरवली. समोरचे माहेर उपसताहेत, आपण हात बांधून बसलो तर पुनवेला खरवडण उरेल, असं त्याने सांगितलं. लोकांना ते पटलं. भीतीची गोष्ट लोकांना लवकर पटते. त्या ऐन उन्हात ऐलाडची स्वतःची जाळीही अंगणाअंगणांत वाळत होती, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

टोकवाडीची वल्ही गोमाजीच्याच कोठारात होती. त्यांना त्याने हात लावला नाही. दुसऱ्याची ठेव ती ठेव, याबाबतीत तो फार कडक होता! त्याने झाडं तोडून नवी वल्ही तासून घेतली. मग एका दुपारी पाऊस दाटून आला, समोरचा काठ दिसेनासा झाला आणि ऐलाडच्या होड्या गुपचूप माहेराकडे निघाल्या. घरटी एक मासा आणायचा, जास्त नाही, असं ठरलं होतं.

बामीने मासा विळीवर घेतला. तो हाताला जड लागत होता. चिरला तर आत गाबोळीच गाबोळी, अंड्यांनी पोट गच्च भरलेलं. तिचा हात थांबला. दारात चांगुणा पाय पसरून बसली होती.

"ही पन बालंतपनालाच आलेली," बामी म्हणाली.

गोमाजी त्या दिवशी भरल्या पानावरून उठून गेला. दुसऱ्या दिवशी मात्र तो पुन्हा गेला. आपण एवढं काढलं तर ते किती काढत असतील, या विचाराने त्याची भीती आणखी वाढली होती. घरटी एका माशाची टोपली झाली आणि टोपलीच्या पाट्या झाल्या.

इकडे पैलाडच्या लोकांना ऐलाडवर घारी घिरट्या घालताना दिसल्या. माशांची आतडी पडल्याशिवाय घारी गावावर येत नाहीत, हे कोळ्याला सांगावं लागत नाही. हिराजीलाही वाटलं की ऐलाडात जाऊन विचारावं. पण मेहुणा उगाच दुखावेल, आणि वाट चिखलाची. त्यापेक्षा वल्ही तासणं सोपं होतं. टोकवाडीने दोन्हीकडच्या होड्या पावसात पुसट पाहिल्या आणि तीही पाण्यात उतरली.

एके दिवशी पाऊस अचानक थांबला. माहेरावर तिन्ही गावांच्या होड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या. सगळ्यांनी सगळ्यांना पाहिलं. कुणी विचारलं नाही, कुणी भांडलं नाही, कुणी परतही गेलं नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि जाळी जास्त घाईने टाकली.

नारळी पुनव आली. तिन्ही गावांनी समुद्राला नारळ वाहिला आणि मोळ्या परत मिळायची वाट न बघता नव्या वल्ह्यांनीच होड्या माहेराच्या खोल पाण्यात नेल्या. जाळी वर आली ती शेवाळ आणि चिखल घेऊन. दुसऱ्यांदा टाकली, तेच. काठावर उभ्या असलेल्या बाया रिकाम्या टोपल्या घेऊन घरी वळल्या.

मग रिवाजाप्रमाणे टोकवाडीच्या वाळूत वल्ह्यांच्या मोळ्या परत द्यायला तिन्ही गावं जमली. मोळ्या मध्ये ठेवल्या. एकाही गाठीवरचा चुना फुटला नव्हता. दोरीवर कोळिष्टकंसुद्धा होती तशीच होती. तिन्ही गावांनी एकमेकांची ठेव जिवापाड सांभाळली होती, आणि मागे प्रत्येकाच्या होडीत नवी कोरी वल्ही पडली होती.

गोमाजीला राहवलं नाही. तो हिराजीजवळ गेला आणि आषाढात विचारायचं ते त्याने त्या दिवशी विचारलं.

"आषाडात तुमची जाली ओली होती. कशानं?"

हिराजी त्याच्याकडे वळला.

"कुजू नयेत म्हनून ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून रंगवलेली, दाजी. ऊन पडलं की सगलेच रंगवतात. तुमीबी त्याच दिवशी रंगवलीत. मी आमच्या काठावरून बघितली."

माहेरात तोवर कुणीच शिरलं नव्हतं. पहिलं जाळं गोमाजीचं होतं.

चांगुणाला मुलगी झाली. बारशाला पानात भात आणि खोबरं होतं, दुसरं काही नव्हतं. त्या वर्षी तिन्ही गावांतली तरणी माणसं कामाला लांबच्या बंदरांवर गेली. पुढच्या पावसाळ्यात वल्ही पुन्हा एकमेकांच्या हवाली झाली, पण या वेळी एक होडी बाहेर ठेवली. तिच्यात प्रत्येक गावाचा एक माणूस बसे. पाऊस जरा ओसरला की ती तिन्ही काठांना लागे, आणि ज्याच्या मनात जे आलं असेल ते तो तोंडावर विचारी. ऐलाडकडून त्या होडीत गोमाजी स्वतः बसतो.

परत येताना तो माहेरावर होडी थांबवतो, ओणवा होऊन पाण्यात बघतो. पाणी काळं आणि शांत असतं. मासे परत येतील की नाही, हे अजून कुणालाच ठाऊक नाही.

तात्पर्य: जे सगळ्यांच्या मालकीचं असतं ते चोराच्या आधी संशयाच्या हातून लुटलं जातं, म्हणून सामायिक ठेव राखायची तर नियमाइतकीच एकमेकांना वेळेवर विचारण्याची वाटही उघडी ठेवावी.