चिमीच्या बाळाला दूध हवं

एक होती चिमी. चिमी म्हणजे पॉसम, झाडावर राहणारा उंदरासारखा इवला प्राणी. केवढी? तुझ्या अंगठ्याएवढी! तिच्या पोटाला पिशवी. पिशवीत बाळ. चिमी खायची फुलातला मध. मग बाळाला मिळायचं दूध.

एक दिवस झाडावरचं शेवटचं फूल गळलं. टप्!

मध नाही. दूध नाही. बाळ आतून रडलं, "कुईं कुईं!"

चिमी म्हणाली, "झाडा झाडा, फूल दे. बाळ माझं भुकेलं."

झाड म्हणालं, "देईन गं! पण माती घट्ट. पाणी मुरेना. बिल्बीला सांग, माती उकर."

चिमी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

झुडपामागे बिल्बी बसली होती. सशासारखे हे लांब लांब कान! तिलाही पिशवी.

"बिल्बी बिल्बी, माती उकर. झाड फुलेना. बाळ माझं भुकेलं."

बिल्बी म्हणाली, "उकरीन गं! पण मांजर टपलंय. लपू कुठे? वॉम्बॅटताईला सांग, बीळ खण."

चिमी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

वॉम्बॅटताई रस्त्याकडेला बसली होती. गुबगुबीत! जशी काही गादीची गुंडाळी. तिलाही पिशवी. पण पिशवीचं तोंड कुठे? मागे!

"वॉम्बॅटताई वॉम्बॅटताई, बीळ खण. बिल्बी उकरेना. झाड फुलेना. बाळ माझं भुकेलं."

वॉम्बॅटताई म्हणाली, "खणीन गं! पण पोटात कावळे ओरडतायत. गवत रस्त्यापलीकडे. आणि ती बघ गाडी! झूऽऽम! गेली. झूऽऽम! परत आली. गाडी चालवणाऱ्या रोझीमावशीला सांग, गाडी थांबव."

अगं बाई! एवढीशी चिमी, केवढी मोठी गाडी! पण बाळ भुकेलं ना? मग भिऊन कसं चालेल?

वळणावर गाडी जरा हळू झाली. चिमीनं मारली उडी. टुण्! थेट आरशावर!

"रोझीमावशी रोझीमावशी, गाडी थांबव. वॉम्बॅट खणेना. बिल्बी उकरेना. झाड फुलेना. बाळ माझं भुकेलं."

रोझीमावशी म्हणाली, "थांबवीन गं! पण हा टिंबू बघ. कांगारूचं पोर. याची आई हरवली. मी सांभाळते. गाडी थांबली, की हा भोकाड पसरतो. सकाळपासून फिरवतेय मेल्याला! टिंबूला सांग, झोप."

चिमी खिडकीतून आत शिरली. मागच्या सीटवर टिंबू. डोळे लाल, नाक लाल.

"टिंबू टिंबू, झोप कसा. मावशी थांबेना. वॉम्बॅट खणेना. बिल्बी उकरेना. झाड फुलेना. बाळ माझं भुकेलं."

टिंबू म्हणाला, "झोपीन गं! पण पिशवीत राहवेना. शिरतो, की पडतो. हे बघ!"

सीटच्या पाठीला टांगली होती कापडी पिशवी. मावशीनं स्वतः शिवलेली. लाल लाल, मऊ मऊ. टिंबू खालून आत शिरला. आणि धप्प! पडला.

पुन्हा शिरला. पुन्हा धप्प!

"भ्याँऽऽ!"

चिमीनं पिशवी पाहिली. इकडून पाहिली. तिकडून पाहिली.

"मावशी, पिशवीचं तोंड खाली का?"

"म्हणजे काय! वॉम्बॅटची नीट बघून शिवली मी. तिचं तोंड नाही का मागे, शेपटीकडे? टांगली, की ते खाली!"

चिमी खो खो हसली. "अगं मावशी, ती खणते! पुढे तोंड असतं, तर माती गेली असती बाळाच्या नाकात. टिंबूची जात उड्या मारणारी. त्यांच्या पिशवीला तोंड वर!"

"अय्या! वेडीच आहे मी!"

मावशीनं क्षणभर गाडी थांबवून पिशवी उलटी टांगली, आणि पुन्हा निघाली. तोंड वर!

टिंबूनं आत घातलं डोकं. मग पाय. मग शेपूट. आतल्या आत मारली कोलांटी. बाहेर आलं नाक. आणि घुर्र... घुर्र...

टिंबू झोपला.
मावशीनं गाडी थांबवली. कच्च!
वॉम्बॅटताई डुलत डुलत पलीकडे गेली. गवत खाल्लं. कचर कचर!
मग बिल्बीच्या झुडपाजवळ खणलं बीळ. खर्र खर्र!
मांजर आलं. बिल्बी बिळात! मांजर बसलं मिशा चाटत. कंटाळलं, निघून गेलं.
बिल्बीनं माती उकरली. फर्र फर्र!
पावसाची सर आली. पाणी मुरलं. सुळ्ळ!
झाड हसलं. कळी फुगली. कळी उमलली. फूल! पिवळं पिवळं फूल!

चिमी सरसर वर चढली. लांब जीभ काढली. मध प्याली. चुटुचुटु चुटुचुटु.

आणि पिशवीत?

कुईं कुईं नाही. रडू नाही. पिशवीतही चुटुचुटु चुटुचुटु.

आणि रोझीमावशीनं काय केलं? रस्त्यावर लावली पाटी: "गाडी हळू हाका. इथे पिशवीवाल्यांची घरं आहेत."

बाळ प्यालं पोटभर, आमची गोष्ट ओठभर!